जावाजावांची वाट

गावात तिला सगळे मावशीच म्हणत. तीस वर्षं डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती समुद्राकाठच्या कड्यावरून पलीकडच्या बाजारात जायची. मग मोटाररस्ता झाला, आणि कड्यावर उरले ते पाठीवर पिशव्या बांधून येणारे हौशी चालणारे. मावशीच्या लेकीने त्यांच्यासाठी घराच्या पुढच्या खोलीत चहाचं दुकान टाकलं. बरं चाललं होतं.

गेल्या वर्षी कडा ढासळला आणि वाटेचा मोठा तुकडा समुद्रात गेला. ‘वाट बंद’ अशी पाटी लागली. दुकानातल्या बाकांवर मांजर ताणून देऊ लागलं.

एका सकाळी मोजणीवाल्या बाई नकाशा घेऊन आल्या. दुसरी वाट सापडली नाही तर ही कायमची बंद, म्हणाल्या. मावशीने चष्मा चढवून नकाशा पाहिला.

“ही खालची वाट. आमची वरून होती.”

“दाखवाल?”

“झऱ्यापर्यंत दाखवीन. तिथून मी बाजारात उतरायची. पुढच्या वस्तीला माझी थोरली जाऊ जायची.” मावशी घुटमळली. “आमचं बोलणं नाही.”

जाऊ भिंतीपलीकडेच राहायची. बारा वर्षांपूर्वी ती एकदा पलीकडच्या बाजारात विकायला बसली, तेव्हा मावशी सगळ्यांसमोर तिच्या मासळीला शिळी म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचा अबोला.

मावशीने दार वाजवलं. थोरलीने उघडलं आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“काय गं, वाट चुकलीस?”

“चुकले नाही, जाऊबाई. मला अर्धीच येते. उरलेली तुम्हाला येते.”

“म्हणजे गरज पडली म्हणून आलीस.”

“हो. आणि तुमची मासळी त्या दिवशी ताजीच होती. माझी खपत नव्हती, म्हणून जीभ घसरली.”

“ताजी होती ते मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.” थोरली आत वळली. “थांब, चपला घालते.”

झऱ्यापर्यंत मावशी पुढे होती, तिथून थोरली. मोजणीवाल्या बाई मागून झुडपांना लाल फिती बांधत होत्या. एका उतारावर थोरली थबकली. समोर नुसतं रान माजलेलं.

“इथे दगडी पायऱ्या होत्या गं. आता डोकंच चालत नाही.”

“डोकं राहू दे. डोक्यावर टोपली आहे असं समजा आणि पाय टाका.”

थोरलीने एक हात डोक्यावर धरला, पाठ ताठ केली आणि चालू लागली. जरा उजवीकडे, मग डावीकडे. गवतातून खट्‌कन आवाज आला.

“पायरी!” ती ओरडली, आणि मावशीचे डोळे भरून आले.

मंजुरीच्या कागदांना आठ महिने लागले. वाट उघडली त्या दिवशी बावीसजण चालायला आले. सगळ्यांत पुढे दोन म्हाताऱ्या होत्या, आणि ‘हळू चला’, ‘तूच ढकलतेस’ हे त्यांचं अखंड चालू होतं.

आता रविवारी थोरली दुकानात चहा करते. साखर अंमळ जास्तच पडते तिच्या हातून. मावशी अजून तरी काही बोललेली नाही.