निखिल ऑनसाइट गेला नव्हता

ओजस आणि ईरा,

तुमचा बाबा घरातून शेवटचा निघाला ती सकाळ मी नीट लिहून ठेवते आहे, कारण लोक आता ती वाटेल तशी सांगायला लागले आहेत. आयर्लंडमधल्या नास गावातल्या आपल्या घराच्या दारात मी त्याच्या हातावर दही घातलं. युनिफॉर्मच्या बाहीवर सांडू नये म्हणून त्यानं हात लांब धरला, दही चाटलं आणि म्हणाला, "ग्रँड आहे, आई. साखर जरा कमी." तुमची आई गौरी तुम्हाला घेऊन गाडीत बसली होती. आणि आत तुमचे आजोबा पुण्याला फोनवर त्यांच्या बहिणीला, कुसुमआत्याला, सांगत होते, "निखिल ऑनसाइट चाललाय. सहा महिन्यांचा प्रोजेक्ट आहे."

दारात मुलगा सैनिकाच्या वेशात उभा आणि आत बाप त्याला कंपनीच्या कामाला पाठवत होता. निखिलनं ते ऐकलं. मी आत जायला वळले तर त्यानं माझा दंड धरला. "जाऊ दे गं. बाबांना बरं वाटतं."

त्याला बरं वाटत होतं का, हे कुणीच विचारलं नाही.

गौरी हे तुम्हाला तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये वाचून दाखवेल. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, पण रागावता मला मराठीतच येतं, म्हणून मराठीत लिहिते.

आजोबांना वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून आम्ही या देशात आलो. निखिल तिथेच जन्मला. तेव्हा इथे मराठी ऐकू यायचं ते आमच्याच घरात. पुण्याला वर्षातून एकदा फोटो जायचे: निखिल शाळेत, निखिल बक्षीस घेताना. मग आम्ही नासला आलो, आणि शाळा संपल्यावर निखिल जवळच्याच करा नावाच्या लष्करी छावणीत भरती झाला. त्यानंतर पुण्याला फोटो गेले नाहीत. तो सैन्यात ड्रायव्हर होता. पाण्याचा टँकर चालवायचा. आजोबा मला म्हणाले, "आपण ड्रायव्हर ठेवतो, होत नाही." आणि पुण्यात सांगितलं, टेलिकॉम कंपनीत आहे.

इथली आपली माणसं काही वेगळी नव्हती. डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनच्या हॉलमध्ये गणपतीला जायचो, तेव्हा मराठी मंडळातल्या मिलिंदनं सगळ्यांसमोर त्याला विचारलं होतं, "काय रे, मार्क कमी पडले का?" तुमचा बाबा हसून म्हणाला, "नाही रे, मला पहाटे उठायला आवडतं." गौरी नागपूरहून इथे एम.एस. करायला आलेली, त्या उत्तरावरच त्याच्याशी बोलायला लागली. हे तिला विचारा, लाजेल.

तो मेला तो दुसऱ्यांच्या युद्धात. दोन देश लढत होते आणि मधल्या पट्ट्यात शांतता राखायला त्याची तुकडी गेलेली. चौकीवर पाणी पोचवून परत येताना रस्त्यावर गोळा पडला. कुणाचा, ते दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवून सांगतात. शांततेसाठी बलिदान, असं एक मोठे साहेब आमच्या बैठकीत बसून म्हणाले. मी विचारलं, कुठे आहे ती शांतता? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

आणि तेव्हाही आजोबांनी पुण्याला सांगितलं, प्रोजेक्टच्या ठिकाणी हल्ला झाला. कुसुमआत्या रडत रडत म्हणाल्या, "कंपनीनं त्याला असल्या जागी पाठवलंच कसं? दादा, वकील बघ. केस टाक त्यांच्यावर." शवपेटी समोर होती. तिच्यावर या देशाचा झेंडा होता. आजोबा फोनवर म्हणाले, "बघतो."

त्या दिवशी आपल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना लोक उभे होते. खाटीक दुकान बंद करून आला होता. शेजारची ब्रीडा सँडविचची ताटं घेऊन आली, आमच्या कपाटातले कप न विचारता काढून तिनंच सगळ्यांना चहा दिला. बर्फात तिची गाडी अडकली होती ती निखिलनं टँकरवाल्याच्या सफाईनं कशी काढली, हे ती प्रत्येकाला सांगत होती. या सगळ्यांना माहीत होतं तो काय करायचा. सख्ख्या आत्याला माहीत नव्हतं.

आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. मिलिंद यंदा मंडळाचा अध्यक्ष आहे. गणपतीसाठी केलेलं मोठं बॅनर फोनवर दाखवायला तो घरी आला. निखिलच्या डोक्यावर भगवा फेटा चढवलेला, हातात तलवार, मागे भारताचा तिरंगा. "काकू, आयर्लंडमधला आपला पहिला वीर! ओजसचा पोवाड्याचा व्हिडिओ तेवढा मागवा."

मी म्हटलं, "मिलिंद, तो पाण्याचा टँकर चालवायचा."

"काकू, ते डिटेल स्टेजवर नको."

"मग तोही स्टेजवर नको," मी म्हटलं आणि दार उघडून उभी राहिले.

पण बॅनर तोवर फिरत फिरत पुण्याला पोचलं होतं. त्याच संध्याकाळी कुसुमआत्यांचा फोन आला. आनंदानं ओरडतच होत्या. "दादा, अरे निखिल सैन्यात होता? मोठा ऑफिसर असणार! लपवलंस कशाला? आम्ही सोसायटीत फोटो लावतोय!"

मी ओट्याशी उभी होते. आजोबांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मला वाटलं, म्हणतील.

"ऑफिसर नव्हता, कुसुम," ते म्हणाले. "ड्रायव्हर होता. पाण्याचा टँकर चालवायचा." मग ते म्हणाले, "चांगला चालवायचा."

त्यांनी हे तो जिवंत असताना म्हणायला हवं होतं. मी त्यांना चहा दिला. माफ केलेलं नाही.

ओजस, तू फोनवर विचारलंस, "ही वॉज अ हिरो, राइट, आजी?" पोवाडा म्हणू नकोस. कुणी विचारलं तर आजोबांनी फोनवर सांगितलं तेवढंच सांग. ईरा, तूही.

सगळे विचारतात, आता पुण्याला परत का जात नाही. तिथे मला अजून प्रत्येक घरात आधी सांगावं लागेल की कंपनी नव्हतीच. इथे मी ब्रेड आणायला गेले तर खाटीक दुकानातून हाक मारतो, "निकची आई, कशा आहात?" म्हणून माझं घर हे आहे. उन्हाळ्यात या. करा छावणीच्या माळरानावर मेंढ्या चरत असतात, तिथून तो रोज पहाटे टँकर काढायचा. तो रस्ता मी तुम्हाला दाखवणार आहे.