सौंसर ते पांढुर्णा, ब्रेकशिवाय

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. छोटीत चार दिवसांचे कपडे. मोठीत एक विंच (रुतलेल्या गाडीनं तारेच्या दोरानं स्वतःलाच ओढून काढावं यासाठीचं विजेवरचं चक्र), छतावर लावायची दिव्यांची लांब पट्टी आणि इंजिनाला भर नदीतही श्वास घेता यावा म्हणून बसवायची एक काळी नळी. ज्या जीपसाठी हे सगळं घेतलं होतं, ती मी अजून पाहिलीही नव्हती. स्टेशनवर मोठी बॅग उचलताना हमालानं मला विचारलं, "साहेब, आत कोण आहे?"

तीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. नद्या खूप काढल्या, ओलांडली एकही नाही. निवृत्त झाल्यावर एक जुनी जीप घ्यायची, ती नव्यासारखी करायची आणि उरलेलं आयुष्य आडवाटेनं जायचं, असं ठरवलं होतं. जीपची जाहिरात सौंसरची निघाली. फोनवर मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "बाकी समदं टकाटक हाये भाऊ, ब्रेक तेवढा जरा खाली जाते." जुन्या गाड्यांचा लहरीपणा मला फारच लोभस वाटला होता. मी त्याच संध्याकाळी दिव्यांची पट्टी मागवली.

नागपूरहून सकाळची बस धरली. सावनेर मागे पडलं आणि थोड्या वेळानं मध्यप्रदेशच्या पाट्या सुरू झाल्या. लिपी तीच, भाषा बदलली. बसमधली बोली मात्र काही बदलली नाही. सौंसरच्या स्टँडवर पोह्यांवर लाल तर्री ओतून मिळाली. डोळ्यांत पाणी आलं तरी मी ते प्रवासाच्या आनंदाचं आहे असं धरून चाललो. आंबिया बहार (उन्हाळ्याच्या तोंडाशी धरून थंडीत उतरणारा संत्र्यांचा बहार) निघत होता. रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते आणि पलीकडे कापूस फुटला होता.

मालकीणबाई म्हणजे शेवंताबाई. वय सत्तरीच्या आसपास, पांढरी सुती साडी, आवाज खणखणीत. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि गाव अजूनही त्यांना सिस्टरबाईच म्हणतं. अंगणात शेडखाली जीप उभी होती. रंग उडालेला, मागच्या बाकांवर जाड गाद्या शिवलेल्या, दाराच्या जागी फक्त धरायला एक लोखंडी दांडा.

"तुम्ही स्वतः चालवायचात?" मी विचारलं.

"नाही तं काय. ड्रायवर होता, पण तो दुपारपासूनच झोकांड्या खाये. अडलेली बाई मागं निजवून आनाची अन् हा पुढं गाने म्हने. म्या म्हटलं, हा दोघींलेबी मारन. मंग मीच शिकली."

"मग विकता का?"

"गुडघे. क्लच दाबत नाही आता."

मी बॅग उघडून माझे दागिने दाखवले. त्यांनी काळी नळी हातात घेऊन दोन्ही टोकांनी पाहिली. "अन् ब्रेकचं काय आनलं?" मी म्हणालो, ते नंतर बघू, पांढुर्ण्याला एक चांगला मिस्त्री आहे असं ऐकलं आहे, सगळं त्याच्याकडूनच करून घेऊ. "काशीनाथ," त्या म्हणाल्या. "मीबी येते. तो तुमचं ऐकनार नाही." शेजाऱ्याला घर सांभाळायला सांगून त्या माझ्या डाव्या हाताला येऊन बसल्या. आयुष्यातल्या पहिल्या मोहिमेला देखरेख लागावी याचा मला थोडा रागच आला.

तासभर सगळं छान होतं. ब्रेकचा पॅडल दोनदा दाबला की गाडी थांबत होती, आणि दोनदा दाबण्यात मला अनुभवी माणसाचा डौल वाटत होता. मोहगावचा फाटा मागे गेला. पुढे रस्ता एका नाल्याकडे उतरतो. उतार लागला तसा मी दोनदा दाबला. मग तीनदा. पॅडल पत्र्याला टेकला तो वर आलाच नाही. समोर, उताराच्या तळाशी, संत्र्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढत होता आणि नेमका आडवा अडकला होता.

"ब्रेक लागत नाही," मी म्हणालो. हे त्यांना कळलं होतं.

"क्लच दाबा!"

मी दाबला. त्यांनी उजवा हात टाकून गिअर खाली ओढला. "सोडा!" इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला. "दाबा पुन्हा! सोडा!" वेग उतरला, पण पुरेसा नाही. ट्रॅक्टरवाला सीटवरून उडी मारून पळाला. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो, म्हणजे नेमकं काय करत होतो ते आजही सांगता येत नाही. शेवंताबाईंनी माझ्या हातांवरून स्टिअरिंग आपल्याकडे खेचलं. जीप रस्ता सोडून डावीकडच्या वावरात (शेतात) घुसली आणि कपाशीच्या आठ-दहा ओळी आडव्या करून काळ्या मातीत बसली.

इंजिन बंद पडलं. शेवंताबाईंच्या कपाळावर समोरची काच लागून टेंगूळ आलं होतं. त्यांनी आधी माझी नाडी पाहिली.

ट्रॅक्टरवाला धावत आला. नाव भाऊराव, ट्रॉली त्याची होती आणि कापूसही त्याचाच. "सिस्टरबाई, तुमी? म्या म्हटलं कोन बैताड (वेडा) घुसून राहिला वावरात!"

"बैताड हे हायेत," शेवंताबाई म्हणाल्या. आदरार्थी बहुवचन त्यांनी सोडलं नाही.

गाडी रुतली होती. रुतलेली गाडी काढण्याचं यंत्र मागच्या बाकावर, बॅगेत, कोऱ्या खोक्यात होतं. भाऊरावांनी ट्रॉली सोडली आणि ट्रॅक्टरला साखळी बांधून आम्हाला ओढून काढलं. नुकसानीबद्दल मी काही बोलायला लागलो, तर ते म्हणाले, "मोडल्या झाडाची बोंडं वेचून द्या, वाया जातीन नाही तं." अर्धा तास मी कापूस वेचला. दिसतो मऊ, पण बोंडाची टोकं नखांच्या कडा सोलतात. शेवंताबाई बांधावर बसून कपाळाला ओला रुमाल लावत होत्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मग भाऊरावांनी लोखंडी दांडा जोडून जीप ट्रॅक्टरमागे पांढुर्ण्यापर्यंत नेली. माझं आगमन असं झालं.

काशीनाथ मिस्त्री चाकाजवळ बसले, आत बोट फिरवून त्यांनी तेल पाहिलं. चाकाजवळचं जुनं रबर फाटून ब्रेकचं सगळं तेल गळून गेलं होतं. मी माझी यादी पुढे केली. रुंद चाकं, गाडी चार बोटं उंच करायची, नळी, दिवे. त्यांनी ती वाचली आणि घडी घालून मला परत दिली.

"हे लाइटा कायले?"

"अंधारात साफ दिसावं म्हणून."

"दिसन ना. कशाले धडकून राहिलो ते एकदम साफ दिसन."

शेवंताबाई त्या दिवशी बसनं सौंसरला परतल्या. जाताना मिस्त्रींना म्हणाल्या, "पहिले ब्रेक, मंग सीटाचे पट्टे. मंग यायले काय लावाचं ते लावू दे."

मी स्टेशनजवळच्या एका लॉजवर सहा दिवस राहिलो. रोज सकाळी गॅरेजवर स्टुलावर बसायचो. पुढच्या चाकांना नव्या गाड्यांसारख्या डिस्क बसल्या, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आला, ब्रेकच्या सगळ्या नळ्या नव्या झाल्या. पुढच्या दोन्ही सीटांना खांद्यावरून येणारे पट्टे लागले. पट्ट्यासाठी मिस्त्रींनी आत पोलादी पट्टी जोडली आणि त्या पट्टीला स्वतः लोंबकळून पाहिलं. मग शिजलेली वायरिंग बदलली, उंदरांनी कुरतडलेली डिझेलची नळी बदलली. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. फोटो काढायचा म्हटलं तर गाडीखाली झोपून काढावा लागतो. चाकं अरुंदच राहिली. रुंद लावली तर वळवताना खांदे उतरतील, असं मिस्त्री म्हणाले. दुपारी ते मला डब्यातले रोडगे (विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी खायला घालायचे आणि जेवताना गाड्यांबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

सहाव्या दिवशी शेवंताबाई बसनं आल्या. टेंगूळ उतरून हिरवं पडलं होतं. "चावी द्या," म्हणाल्या. गुडघ्यांचं मी सुचवून पाहिलं. "एका चकरीपुरते हायेत." मी बाजूला बसलो, पट्टा लावला. गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी पळवली आणि काही न सांगता ब्रेकवर उभ्या राहिल्या. पट्ट्यानं मला सीटवर आपटून ठेवलं.

"थांबते," त्या म्हणाल्या आणि चावी मला दिली.

परतीच्या वाटेवर मी नाल्याशी थांबून विंच भाऊरावांना देऊन टाकलं. विहिरीतली मोटर वर काढायला होईल, म्हणाले. सौंसरला शेवंताबाईंना घरी सोडलं. मी माफी मागणार होतो, वाक्यही जुळवून ठेवलं होतं. त्या उतरल्या, बॉनेटवर एकदा तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "जेवूनच जा. लांब जाचं हाये." वाक्य तसंच राहिलं.

तीन दिवसांनी पुण्यात पोचलो. सोसायटीतली माणसं जमली. गाडी इतकी साधी कशी, असं सगळ्यांना वाटलं, म्हणून मी त्यांना उताराची गोष्ट सांगितली. ब्रेक गेले, मी शांतपणे गिअर पाडले, ट्रॅक्टर चुकवून गाडी शेतात घातली. फार रंगली. गेले दोन महिने मी ती बायकोला, भावाला आणि खात्यातल्या जुन्या मित्रांना सांगत आलो आहे. प्रत्येक वेळी उतार थोडा तीव्र होतो.

परवा शेवंताबाईंचा फोन आला. गाडी कशी आहे, विचारलं. मग म्हणाल्या, "भाऊराव आलते. सांगत होते, तुमी कापूस वेचता वेचता त्यायले म्हनले, सिस्टरबाईनं वाचवलं. कायले सांगत फिरता?"

भाऊरावांना खरं सांगणं भाग होतं. त्यांनी पाहिलं होतं. बाकी कोणी पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "कोण हो, ती गाडीवाली बाई? ती पण होती का तेव्हा गाडीत?"

मी तिला बसवून सगळं सांगितलं. तिच्यानंतर तुम्ही.