उतारावरचा ठोकळा

फिजिक्स शिकवणाऱ्याचं एक बरं असतं. दरवर्षी धडा तोच, उतार तोच, उतारावरचा ठोकळाही तोच. समोरची पोरं तेवढी नवी. त्यामुळे गणितं आहेत तेवढीच राहतात आणि किस्से साठत जातात. मी मूळचा नांदेडचा, लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये शिकवतो. सोबत उदगीरचे बिरादार सर आहेत, तेही फिजिक्सचेच. पावसाळ्यात घर्षणाचा धडा निघाला की आम्ही दोघंही कान टवकारून असतो.

*

इरफान देगलूरचा. मी फळ्यावर उतार काढला, त्यावर ठोकळा ठेवला, घर्षणाचा बाण वरच्या दिशेनं काढला आणि म्हणालो, "ठोकळा स्थिर आहे."

"सर, ठोकळा हलेनाच, तर मग घर्षण काय करून राहिलंय?"

"त्याला धरून राहिलंय."

इरफाननं थोडा विचार केला. "दिवसभर?"

"हो."

"थकत न्हाई?"

वर्ग हसला. मी स्टाफरूममध्ये येऊन बिरादार सरांना हे सांगितलं. माणूस नुसती भरलेली बादली धरून उभा राहिला तरी थकतो, मग घर्षण का थकत नाही, यावर आमचं बराच वेळ चाललं. शेवटी सर म्हणाले, "त्याचं उत्तर बायोलॉजीत आहे," आणि चहा उचलला. तो गार झाला होता.

*

लाकडाच्या ठोकळ्याचा बिरादार सरांना एकदा कंटाळा आला. पोरांना घरातली वस्तू दाखवावी म्हणून त्यांनी गुळाचा खडा आणला. फळीवर ठेवला आणि म्हणाले, "मी फळी हळूहळू उचलतो. ज्या कोनाला खडा घसरेल, त्या कोनाचा टॅन काढायचा. तोच आपला म्यू, म्हणजे घर्षणाचा गुणांक."

हवा दमट, गूळ पाघळलेला. सर फळी उचलत गेले. तीस अंश झाले, पंचेचाळीस झाले, साठ झाले. खडा जागचा हलेना. पोरं बाकावरून उठून बघायला लागली. शेवटी फळी भिंतीसारखी उभी झाली, तरी गूळ तिथंच.

मागून एक पोरगी म्हणाली, "सर, टॅन नव्वद किती धरायचा?"

*

हा प्रयोग मुलींच्या होस्टेलवर पोचला. संध्याकाळच्या जेवणाला सगळ्या जणी ताटं तिरपी करून बसल्या. भाकरी कधी घसरते, चपाती कधी घसरते, चपातीला तूप लावलं तर कोन किती कमी होतो, असं सगळं चाललेलं. जेवायचं कुणाच्या ध्यानातच नाही.

मेसच्या मावशी वाढता वाढता थांबल्या. "काय करून राहिल्या गं?"

"मावशी, कशाला किती घर्षण हाय ते बघतोय."

"पोटात टाका आधी," मावशी म्हणाल्या. "तिथं समदं घसरतंय."

*

आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. पावसानं रॅम्प ओला होता आणि बिरादार सर स्कूटर ढकलत वर आणत होते. अर्ध्यात आल्यावर पाय घसरायला लागले. वर जाता येईना, स्कूटर सोडता येईना. तेवढ्यात खालून पोरं आली. सरांची अवस्था बघून आदबीनं भिंतीला लागून उभी राहिली.

सर तशातही मास्तरच. मान वळवून म्हणाले, "सांगा बरं, मला खाली येण्यापासून आत्ता कोण अडवून राहिलंय?"

"कुणीच न्हाई सर," इरफान म्हणाला. "या की तुम्ही. आम्ही बाजूला झालोत."

*

रुक्मिणी हदगावची. पहिल्या दोन टेस्टमध्ये तिला फिजिक्सला फारच कमी मार्क पडले आणि तिनं घरी फोन करून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. शेतकरी माणूस, कमी बोलणारे. "तिचं मन लागंना सर. घेऊन जातो." तिची बॅग भरून तयार होती. मी म्हणालो, तास झाला की बोलू, तोवर बसा. ते बॅग घेऊन शेवटच्या बाकावर बसले.

फळ्यावर उतारावरचा ठोकळा होता. त्याला दोरी बांधलेली, दोरी वरच्या कप्पीवरून पलीकडे गेलेली, आणि तिकडे दुसरा ठोकळा लोंबकळत होता. मी विचारलं, "दोरीचा ताण ह्या उतारावरच्या ठोकळ्याला वर ओढतो. त्याचं स्वतःचं वजन खाली ओढतं. आता हा वर जाईल, खाली येईल, की हलणारच नाही?"

वर्गात तीन तट पडले. गलका कमी झाल्यावर रुक्मिणीनं हात वर केला. आवाज बारीक होता. "सर, आधी घर्षण न्हाईच असं धरून बघायचं का?"

"बघू," मी म्हणालो आणि लिहायला लागलो. गणित अर्ध्यात आलं आणि बेल झाली. पोरं उठून गेली. रुक्मिणी वडिलांजवळ जाऊन उभी राहिली. ते फळ्याकडेच बघत होते.

"सर, त्यो उतारावरचा ठोकळा कुनीकडं गेला मग?"

"उद्याच्या तासाला कळेल."

त्यांनी पोरीकडे बघितलं. "तुला म्हाईत हाय?"

"अजून न्हाई, आबा. वर जाईल असं वाटतंय."

ते उठले. बॅग खांद्याला लावून पोरीसोबत गेटपर्यंत गेले, तिथं जरा थांबले, आणि बॅग तिच्या हातात दिली.

"तू ऱ्हा हितं. उद्या फोन करून सांग मला, कुनीकडं गेला त्ये."