ब्रेक नसलेल्या गाडीचा शेजार

घरापासून पाच किलोमीटरच्या पुढं जायचं नाही, असं आयर्लंडच्या सरकारनं सांगितल्यावर माणूस काय करणार? शेजाऱ्याकडं बघत बसणार! आमचा शेजारी डेक्लन. धंदा स्पीडवेचा. म्हणजे मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलची शर्यत, चार गडी, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. दोन हजार वीसचा सीझन रद्द झाला आणि हा अडतिसाव्या वर्षी घरात अडकला. इकडं आमचे बाबा कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेले, आणि विमानं बंद! दोन बेचैन पुरुष आणि मधे एक कुंपण. किस्से साचायला आणखी काय लागतं?

*

बाबांनी डेक्लनच्या शेडमधली गाडी पहिल्यांदा पाहिली तो दिवस. तीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस, दोन चकरा मारून एकदम गंभीर झाला.

"आरं, ब्रेक कुठं हाय?"

दुभाषी माझी लेक ईरा. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र अस्सल कॉर्कचं इंग्लिश. "देअर्स नन, आजोबा."

"मग थांबतो कसा?"

डेक्लननं खांदे उडवले. "यू डोन्ट, लाइक."

बाबा जाम खूश. "हे बेणं आपल्याच पेठेतलं हाय!"

*

व्यायाम म्हणून दोघं कॉलनीला फेऱ्या मारायचे. स्पीडवेत फक्त डावीकडं वळतात, म्हणून डेक्लन डावीकडून. बाबा म्हणाले, "उलटी प्रदक्षिणा? मी न्हाई घालणार!" ते उजवीकडून. त्यामुळं दर फेरीत दोघं दोनदा समोरासमोर. डेक्लन म्हणायचा, "हाऊज द फॉर्म?", म्हणजे इकडचं 'कसं काय?'. बाबा म्हणायचे, "काय म्हणतोस?" रोज चाळीस वेळा! उत्तर कुणीच दिलं नाही, थांबायला कुणी तयारच नव्हतं.

*

खंडेनवमीला बाबांनी त्याच्या गाडीची पूजा मांडली. हळद-कुंकू, डेलियाची फुलं, मागच्या चाकाखाली सुपरमार्केटचं लिंबू. डेक्लन लेदरचा सूट आणि हेल्मेट घालून हात जोडून उभा.

"सावकाश चिरडायचं," मी बजावलं.

पण त्या गाडीला सावकाश हा प्रकारच नाही. क्लच सुटला आणि लिंबू सरळ माझ्या किचनच्या खिडकीवर! काच गेली. बाबा म्हणाले, "शुभ असतंय."

*

शर्यतीत स्टार्टला समोर फीत असते. ती वर जायच्या आधी शिवलात की बाद. सरावासाठी बाबा माझ्या परकराची इलॅस्टिक धरून उभे राहायचे आणि मुद्दाम खोटं खोटं खोकायचे. डेक्लन दचकून पुढं सरकला की ओरडायचे, "बाद!" डेक्लनला आजही मराठीतला तेवढा एकच शब्द येतो.

*

त्याला मी कॉर्कजवळ रिंगास्किडीला, आमच्या औषधांच्या प्लांटच्या गोडाउनमध्ये तात्पुरतं चिकटवलं होतं. एकवीसच्या वसंतात साहेब त्याला कायम करायला निघाले, आणि त्याच आठवड्यात त्याच्या पोलंडच्या क्लबचा फोन: एक मॅच देतो, निदान एक पॉइंट काढ. नाही जमलं तर करार संपला.

"कायमची नोकरी सोडतोस? डोकं फिरलंय का?" मी सरळ विचारलं.

"नोकरी ग्रँड आहे गं," तो त्याच्या इंग्लिशमध्ये म्हणाला. "पण खोके उचलताना माझा डावा पाय आपोआप वळणावर टेकल्यासारखा पुढं सरकतो."

त्याची मला खरंच काळजी वाटली. तो मात्र गेला.

*

मॅच आम्ही लॅपटॉपवर बघितली. पहिल्या तीन आलेल्यांना पॉइंट, चौथ्याला भोपळा. डेक्लनचे पहिल्या तीन शर्यतींत तीन भोपळे! शेवटच्या शर्यतीत एक जण पडून बाद झाला. आता नुसतं रेषेपर्यंत पोचलं तरी तिसरा नंबर. आणि शेवटच्या वळणावर याचं इंजिन बंद!

नियम असा, की गाडी ढकलत नेलीत तरी चालते. तो उतरला आणि ढकलायला लागला. वळणावर घासायच्या डाव्या पायात लोखंडी बूट, चिखल, लंगडत, धापा टाकत.

बाबा उभेच राहिले. "ढकल! आरं ढकल की मर्दा!" ईरा टेबलावर मुठी आपटत होती. त्याला वेड्यात काढणारी मी ढसाढसा रडत होते. पुढचं चाक रेषेपलीकडं गेलं आणि तो गाडीशेजारी आडवा झाला. एक पॉइंट!

तासाभरानं व्हिडिओ कॉल आला. तोंडभर माती. "ऑक्टोबरपर्यंत ठेवतायत मला!"

बाबांनी चष्मा पुसला. कॉल संपल्यावर मला म्हणाले, "माझं तिकीट काढ."

"विमानं कधीची सुरू झालीत, बाबा! मी विचारलं की तुम्हीच म्हणायचात, गुडघा दुखतोय."

"आता न्हाई दुखत."