कोंब दिसला की थांबायचं

बाबा गेल्यावर मी मायला हट्ट्याहून वारंगा फाट्याला माझ्या घरी आणलं, तेव्हा तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. कवळी करून घेतली होती. ती तिनं लावून पाहिली आणि "दुसऱ्याचं तोंड लावल्यावानी वाटून राहिलं" म्हणून डबीत ठेवून दिली. भाकरी दुधात कुस्करून द्यावी, गरगटी खिचडी द्यावी, तर ताट पुढं सरकवायची.

"चमच्यानं खायला मी काय लेकरू हाय का बिमार हाय? हातात धरून खाईन, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

हातात धरून हिरड्यांनी तोडता येईल असा एकच पदार्थ तिला सापडला होता, तो म्हणजे फाट्यावरच्या बेकरीचा पाव, चहात बुडवलेला. पण त्यानं तिचं पोट गच्च व्हायचं, मग तोही ती अर्धा टाकून द्यायची. हळूहळू पोलकं अंगावर लोंबायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोटात काही कसदार गेलं नाही तर त्या अंथरूण धरतील. मी भ्याले. आणि मी भ्याले की मला राग येतो, राग आला की मी कामाला लागते. आमच्याच शेतातल्या गव्हाचा, कोंड्यासकट, पण मायला तोडता येईल असा मऊ पाव घरी करायचा, असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

मी डोंगरकड्याला शाळेत शिकवते. पावाचं मला ओ की ठो माहीत नव्हतं. मोबाइलवर बघत बघत छोट्या ओव्हनमध्ये पहिला पाव केला, तो फुगायचं नावच घेईना. वर कोंड्यानं कडवट. मायनं तो बोटानं वाजवून पाहिला.

"असे आणखी दोन कर," ती म्हणाली. "चूल मांडता येईल."

एवढ्यावर हरले असते तर मी नाव बदलून ठेवलं असतं! शोधता शोधता कळलं की गव्हाला आधी मोड आणावेत, ते वाळवून दळावेत आणि त्या पिठाचा पाव करावा. दाणा उगवायला लागला की त्याच्या आतलं पीठ थोडं थोडं गोड व्हायला लागतं, कोंड्याचा कडवटपणा उतरतो, पाव चांगला फुगतो. मला हसूच आलं. मोड आणणं हे तर आमच्या घरात मायचं खातं. हट्ट्यात कुणाकडं कार्य असलं की मटकी भिजवून फडक्यात बांधायचं काम तिच्याकडंच यायचं. मी गहू तिच्यापुढं ठेवला आणि ती कितीतरी दिवसांनी पदर खोचून उठली.

फडकं सोडलं तेव्हा आम्ही दोघी खूश. काय मोड आले होते! बोटाच्या पेरापेक्षा लांब, पांढरेशुभ्र, एकमेकांत गुंतलेले. मीही तिचीच लेक, लांब मोड म्हणजे चांगला मोड हेच बघत वाढलेली. वाळवून दळून आणले आणि पाव केला. रंग असा सुरेख आला की मी ओव्हनपुढून हलेना. सुरी घातली तर आत नुसता चिकट गोळा. मायच्या हिरड्यांना तो असा चिकटला की तिनं बोट घालून काढला आणि चूळ भरली. त्या दिवशी ती चहावरच राहिली.

पुन्हा वाचलं तेव्हा चूक ध्यानात आली. कोंबाचं टोक दिसलं की तिथंच थांबायचं असतं. मोड लांबला की दाण्यातल्या पिठाचा सगळा दम तो काढून घेतो, मग तव्यावर काय किंवा ओव्हनमध्ये काय, ते पीठ धरतच नाही. मी मायला बजावलं, "टोक दिसलं की सावलीत पसरायचं." तिनं "व्हय" म्हटलं. आठवड्यानं पुन्हा पाव केला आणि पुन्हा तोच लगदा. मी यीस्टला शिव्या घातल्या, ओव्हनला घातल्या. मग भांडी घासायला मागं गेले तर सुपात वाळक्या मुळ्यांचा ढीग. मायनं गव्हाला मटकीसारखेच मोड येऊ दिले होते, वाळल्यावर ते हातानं चोळून पाखडून काढले होते, आणि मला चांगला स्वच्छ गहू दळायला दिला होता.

मी सूप घेऊनच आत गेले. "माय, हे काय? मी काय सांगितलं होतं?"

"एवढुशा टोकाला मोड म्हणावं का? बघणारा काय म्हणंल? हिला मोड बी आणता येत न्हाई म्हणंल."

"मटकीचा आपण मोड खातो. इथं दाणा खायचाय. आणि बघणारं हाय कोण इथं?"

तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि खाली ठेवलं. बोलून गेल्यावर मला कळलं. फडकं सोडलं की मूठभर मोड उचलून दारात बसलेल्यांना दाखवत फिरायचे ते बाबा. बायकोचं कौतुक तोंडानं करायला लाजायचे, म्हणून मटकी दाखवायचे. पण तिथं रडत बसले असते तर दोघीही उपाशी राहिलो असतो.

"मी बघते," मी म्हणाले. "उद्या भिजव. टोक दिसलं की शाळेत फोन कर. मी सांगीन तवा पसर."

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. एरवी मी वर्गात फोन उचलत नाही.

"फुटलं बघ. नाक काढलंय निस्तं."

"पसर."

"जरासं मोठं होऊ देऊ? चांगलं येऊन राहिलंय."

"न्हाई माय. आत्ता पसर."

"बरं बाई. पण जीव व्हत न्हाई."

पसरलं तिनं. घरी येऊन मी दाणे तळहातावर घेतले, प्रत्येकाच्या टोकाशी पांढरा ठिपका, बस्स. बराबर जमलंय, असं मी दोनदा मोठ्यानं म्हटलं. वाळल्यावर ते दळून आणले आणि रविवारी पीठ मळलं. डब्यातला पाव कडेच्या वर आला आणि घरात गोडसर खमंग वास सुटला. तो काढून मी जाळीवर ठेवला आणि सुरी लपवली, कारण गरम पाव कापला की आत चिकटतो आणि या वेळी मला कुठलीच चूक परवडणार नव्हती.

माय उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काप की."

"निवू दे आधी."

"कवा निवायचा तो? काहून तरसावून राहिली? भूक लागली ना मला."

फाट्याला आल्यापासून हे तिनं पहिल्यांदा म्हटलं. मी लपवलेली सुरी काढली आणि वाफा निघत होत्या तसाच पाव कापायला घेतला. डोळ्यांपुढं पाव दिसेना, आणि तिला माझं रडणं दिसू नये म्हणून मी मागं न वळता मोठ्यानं खेकसले, "थांब की माय, कापूनच राहिले ना!"