पाव्हण्यांचा वाटा

देवबागच्या एसटी थांब्यावर मला सोडायला भाई आला होता, आणि नेमका तोच मला नको होता. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. १९९८ सालची नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. पावसाळाभर गुंडाळून ठेवलेल्या रापणी पुन्हा समुद्रात पडू लागल्या होत्या आणि ऐन हंगामात मी गाव सोडून पुण्याला निघालो होतो. माझी पत्र्याची पेटी भाईने खांद्यावरून आणली. गाडी आली तशी मी ती त्याच्या खांद्यावरून ओढूनच घेतली. गाडीत मालवणच्या बाजाराला निघालेल्या दोन बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "खंय रे चललंस, बाबल्या?"

"पुण्याक."

"थंय काय करतलंस? मासे कोण खातत थंय?"

"खावक लावतंय," मी म्हटलं. दोघी हसल्या. गाडी वळेपर्यंत मी मागे पाहिलं नाही.

राग कशाचा होता ते सांगतो. माझी मुलगी चिंचवडला वाढली, तिच्यासारख्यांना रापण म्हणजे काय ते ठाऊक नसतं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी ते ओढत आणायचे. जाळं एकट्याचं नसतं, गावातल्या घरांचं मिळून असतं, आणि जे सापडेल त्याचे वाळूत वाटे पडतात. आमच्या रापणीत घरटी एक माणूस आणि घरटी एक वाटा, असा रिवाज होता. बाबांचे गुडघे गेल्यापासून आमच्या घरचा दोर मी धरत होतो. भाई तेव्हा गोव्यात हॉटेलात कामाला होता. मासे घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्यांशी बोलणं मीच करायचो. अंधार पडायच्या आत माल उठला पाहिजे हे त्यांना माहीत असायचं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मला. मी पाठ फिरवून चालू लागायचो, तेव्हा कुठे भाव वर यायचा. पण बाबा गेले, भाई गोव्याहून परत आला, आणि रापणीतले सर्वांत वडीलधारे पांडूकाका व आई यांनी मिळून घरचा दोर त्याच्या हातात दिला.

मी आईशी भांडलो. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "थोरलो आसा तो," ती म्हणाली. "आणि तेका दुसरा काय येता? तू खंयव जगशीत. तू समुद्राचा पाणी पण इकून येशीत."

समुद्राचं पाणीही विकून येशील, हे आईने कौतुकाने म्हटलं की मला घराबाहेर काढायला, ते मला कधी कळलं नाही. मी मात्र खरोखरच कुठेही जगून दाखवलं.

चिंचवडमध्ये आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर मासे साफ केले, मग फुटपाथवर पाटी लावली, मग एका बंद पडलेल्या लाँड्रीची जागा मालकाशी पंधरा दिवस हुज्जत घालून मिळवली. लोक म्हणतात मी तोंडाचा फाटका आहे. असेन. गोड बोलून मला आजवर कोणी काही दिलेलं नाही.

गावात असताना मला शनिवार-रविवार ठाऊक नव्हता. आमचे दिवस भरती-ओहोटीवर आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणावर चालायचे. सुट्टी म्हणजे जत्रा, नाहीतर वादळ. इथे मात्र आठवडाभर माणसं जणू रविवारचीच वाट बघत जगत होती. माझ्या गिऱ्हाइकांचा रविवार माझ्या दुकानात सुरू व्हायचा. सकाळी चड्डीवर आलेले साहेब, मागे दोन पोरं, "काका, पापलेट ताजं आहे ना?" दुपारी दोनपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसायची. मग सगळे जेवून झोपायचे आणि संध्याकाळी बागेत, प्रदर्शनात, नव्या मॉलमध्ये बाहेर पडायचे. माझी बायको रेखाही म्हणायची, चला कुठेतरी. लिंबाने हात घासून, स्वच्छ शर्ट घालून मी निघायचो. मयुरी झाल्यावर तिला घेऊन निघायचो. एकदा फुलांच्या प्रदर्शनात शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढे सरकली. ती माझ्यामुळे सरकली की खताच्या वासाने, देव जाणे. पण त्यानंतर मी गर्दीत कडेनेच चालू लागलो. दोघी पुढे, मी मागे. मयुरी मागे वळून हाक मारायची आणि मी हात हलवून म्हणायचो, व्हा पुढे.

आपल्या लोकांचं एक मंडळही होतं. दर वर्षी जानेवारीत एका शनिवार-रविवारी त्यांचा मालवणी मेळावा भरायचा. वडे-कोंबडीचे स्टॉल, सोलकढी, लहान मुलांसाठी चित्रकला, बायकांसाठी पाककृती, आणि रविवारी संध्याकाळी दशावतार. मी कोपऱ्यावरचा स्टॉल भांडून घ्यायचो, कारण कोपऱ्याला दोन बाजू असतात. धंदा उत्तम व्हायचा. पण गाऱ्हाणं घालायला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहायचे आणि कागदावर बघून देवाला हाक मारायचे. खुर्च्यांमधून "व्हय म्हाराजा" यायचं ते दबक्या आवाजात, शेजाऱ्याला त्रास होऊ नये अशा बेताने. गावात रात्रभर चालणारा दशावतार इथे दोन तासांत आटपायचा, कारण सकाळी पोरांच्या शाळा. राक्षस मरेपर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असायच्या. मी कढई घासायची तशीच टाकून शेवटपर्यंत बसायचो. बाजूला बोलायला कोणी नसायचं. नटांशी गावाविषयी बोलावं तर तेही पोटापाण्यासाठी पुण्यातच राहिलेले.

मधल्या काळात आई गेली. मी बारा दिवस गावी राहिलो. भाईशी बोललो ते भटजी, केळी आणि पत्रावळींपुरतं. तेराव्याला परत आलो आणि पुन्हा गेलो नाही. जायला कारणच उरलं नव्हतं.

मग एका रविवारी, २००९ मध्ये असेल, नेहमीच्या एका गिऱ्हाईक बाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "काका, तुम्ही देवबागचे ना? आम्ही मागच्या वीकेंडला तिथेच होतो. डॉल्फिन बघितले, पॅराशूटला लटकलो. आणि हे बघा आमचं होमस्टे. मालक इतके प्रेमळ आहेत."

फोटोत आमचं घर होतं. भिंतींना निळा रंग, अंगणात झोपाळा, आणि प्रेमळ मालक भाई. माझ्या हातातला सुरा थांबला. ज्या अंगणातून मी पेटी घेऊन निघालो, तिथे चिंचवडची माणसं पैसे देऊन पाय पसरून बसली होती.

घरी येऊन मी ठरवलं. जायचं, पण पाहुणा म्हणून. सगळ्यांसारखे पैसे टाकायचे, खोली घ्यायची, कोणाचे उपकार नकोत. रेखाने माहेरच्या नावाने फोनवर खोली सांगितली. मी शेजारी बसून खुणा करत होतो. "जास्त वाटतात म्हण. नाश्ता त्यातच म्हण." तिने फोनवर हात ठेवून मला म्हटलं, "अहो, स्वतःच्या घराचा भाव पाडताय?" मी म्हटलं, "पाड."

शनिवारी दुपारी आम्ही अंगणात उभे राहिलो. वहिनी फडक्याला हात पुसत बाहेर आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग रेखाला म्हणाली, "तूच फोन केलंस तो? माका आवाज वळखीचो वाटलो." तेवढ्यात मागून एक मोटार आली. कोल्हापूरचं एक कुटुंब खोली मिळेल का विचारत होतं. वहिनीने त्यांना सरळ आमच्या खोलीची किल्ली दिली.

माझं डोकं फिरलं. "ती खोली मी सांगितली होती," मी पुणेरी मराठीत म्हटलं.

"खोली पावण्यांक," वहिनी म्हणाली. "तुमी आत निजा, मधल्या खोलयेत. गाद्यो काढतंय."

रात्री जमिनीवर गादी घालून मी छताकडे बघत पडलो. पैसे द्यायला तयार माणसाला जमिनीवर झोपवतात, आणि ज्याला ओळखत नाहीत त्याला खाट. पलीकडून कोल्हापूरच्या पोरांचं हसणं ऐकू येत होतं. रेखा म्हणाली, "उद्या दुपारी निघू." मी म्हटलं, सकाळीच.

पण सकाळी आम्ही उठायच्या आधीच मयुरी किनाऱ्यावर गेली होती. रापण लागली होती. भाई सगळ्या खोल्यांवर थाप मारून पाहुण्यांना उठवत फिरला होता. आता रविवारी पाहुणेही दोर ओढतात, त्यांना मजा वाटते. आणि खरं सांगायचं तर माणसंही कमी पडतात. जवान पोरं एकतर वॉटर स्पोर्टच्या बोटींवर, नाहीतर मुंबईला. दोराच्या मागच्या टोकाला टोप्या घातलेली कुटुंबं, कोल्हापूरचे पोरांसकट, त्यांच्यात मयुरी, आणि पुढे कमरेला दोर अडकवलेली आमची माणसं. पुष्कळांची डोकी पांढरी झाली होती. सगळ्यांत पुढे भाई. वाकलेला.

मी हात मागे बांधून उभा राहिलो. मनात एकच होतं: बोलावलं तर जाईन. मागे पाहुण्यांत उभं राहायचं नव्हतं आणि पुढे माझी जागा नव्हती. कोणी बोलावलं नाही. जाळं जड झालं, दोर वाळूत रुतला, लाटेने दोनदा परत खेचला. भाईचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आला. बाबांचे गुडघे असेच गेले होते. तेवढं बघितलं आणि मी पाण्यात होतो, त्याच्या मागे, दोर धरून.

"ओ शेट, पँट भिजात तुमची," कोणीतरी मागून म्हणालं.

"भिजू दी. तुझ्या बापाशीन घेवन नाय दिल्यान."

सगळे हसले. भाईने वळून पाहिलं नाही. फक्त थोडा बाजूला सरकला, माझ्या पायाला जागा झाली.

तारल्या सापडल्या, म्हणजे स्वस्तातली बारीक मासळी, आणि थोडे बांगडे. पांडूकाका आता दोर ओढत नाहीत, पण वाटे तेच घालतात. त्यांनी वाळूत घरटी ढीग घातले. मग परक्यांची पाळी. ज्याने दोराला हात लावला त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा जुना रिवाज. पूर्वी वाटसरूला मूठभर मिळायचे, आता पाहुण्यांना मिळतात. काका ओळीने ओंजळ घालत आले. कोल्हापूरच्या बाईंना, त्यांच्या पोरांना. मयुरीने टोपी पुढे केली, तिला ओळखत नव्हते, तिच्या टोपीत चार बांगडे पडले. मी तिच्या शेजारी उभा होतो. नकळत माझेही हात पुढे झाले होते.

काका थांबले. चष्म्यातून वर बघत म्हणाले, "तुका कित्याक रे? तुमच्या घराचो वाटो थंय पडलो मरे. भाईन नेल्यान." आणि माझ्या पलीकडच्या माणसाला ओंजळ घालून पुढे गेले.

अर्ध्या शब्दावर भांडण काढणारा माणूस मी. "एवढं ओढलं, चार तारल्यासुद्धा नाहीत?" हे तोंडाशी आलं होतं. पण हात तसेच खाली घेतले. ओले, रिकामे, दोराने सोललेले.

"बाबा, तुम्हाला नाही दिले?" मयुरीने विचारलं.

"नाही. तू पाहुणी आहेस."

दुपारी पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर आम्ही रांधपाच्या खोलीत, चुलीपाशी जेवलो. पाहुण्यांना बांगडे, आम्हाला तारल्यांचं तिखलं, घरातलं साधं झणझणीत कालवण. भाई माझ्या शेजारी बसला. दोराविषयी तो बोलला नाही, मीही नाही. माझा राग गेलेला नाही, आणि जाईल असं वाटत नाही. तो दोर मला मिळायला हवा होता, हे मी आजही कोणालाही सांगेन. पण त्या घराच्या वाट्यात मी धरलेला आहे, हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ते कोणी सांगत नसतं, एवढंच. आता घर म्हटलं की मला ती ओंजळ आठवते, माझ्या समोरून पुढे गेलेली.

मंगळवारी दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "गावाला गेला होतात म्हणे. मग, मासे मिळाले का ताजे?"

"नाही," मी म्हटलं. "सगळ्यांना दिले, मला नाही दिले."

"अरे अरे," तो म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. त्याला समजावून सांगायला मी तोंड उघडलं, मग राहू दिलं. बांगडे साफ करून त्याच्या पिशवीत टाकले. चिंचवडमध्ये ही गोष्ट सांगावी असं माणूस मला अजून सापडलेलं नाही, म्हणून ती तुम्हाला लिहिली.