वहीतली कंबर चौतीस

अड्याळच्या बस स्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला तेजराम टेलरचं दुकान लागतं. दारावरच्या पाटीवर कोट घातलेला एक माणूस रंगवलेला आहे, पण त्याला मुंडकं नाही. रंगारी तेही रंगवणारच होता, पण तेजरामने त्याचा हात धरला. "थोबाड कोनाचंबी राहो, कोट बरोबर बसला पायजे," तो म्हणाला. तेव्हा सगळे हसले होते. आता तो पाटीखालून आत जाताना वर बघत नाही.

अड्याळमध्ये सूट म्हणजे माणसाच्या अंगावर जन्मात एकदा चढणारी वस्तू. तीही मे महिन्यात, जेव्हा बनियनसुद्धा नकोसं होतं. चार तासांचा तर खेळ, कसाही शिव, असं कोणी म्हटलं की तेजरामचं डोकं फिरायचं. त्याचे कायदे होते आणि ते नवरदेवाच्या बापालाही मोडता येत नसत. कोटाचं खालचं बटण लावायचं नाही, ते फक्त दाखवायला असतं. बाहीतून शर्ट अर्धा बोट दिसला पाहिजे. जास्त दिसला तर कोट मागून आणलेला वाटतो. पँट बुटावर एकदाच दुमडली पाहिजे. टायचं टोक बकलाला टेकलं की थांबायचं. दिवसाच्या लग्नाला चमकणारं कापड मागणाऱ्याला तो सरळ सांगे, "बँडवाल्याले शिवून देतो मी असा. तू बँडात हायेस का?" कोटाच्या खालच्या खिशांची तोंडं तो मुद्दाम शिवून बंद करूनच देई, कारण नवरदेव त्यात मोबाईल आणि सुपारीची पुडी कोंबतो आणि चांगला कोट बैलाच्या पोटासारखा लोंबतो.

या सगळ्याच्या वरचा एक कायदा मात्र त्याचा नव्हता. तो ज्यांच्या हाताखाली शिवणकाम शिकला, त्या पवनीच्या गोपीचंद मास्तरांनी दिलेला. ज्याचं लग्न ठरलं त्याचं माप घटलं, असं तोंडाने बोलायचं नाही. हळद लागणारा माणूस घटला म्हणणं म्हणजे अपशकुन. टेप काहीही सांगो, तोंडाने मागचाच आकडा बोलायचा आणि वहीतही तोच लिहायचा. खरा आकडा कापायच्या टेबलावर खडूने टिपायचा, कात्री चालवून झाली की तळहाताने पुसून टाकायचा. बहुतेक नवरदेव लग्नाच्या धावपळीत इंचभर उतरतातच, त्यामुळे या खोट्याने कोणाचं काही बिघडत नसे. एकदा बिघडलं.

चौदा वर्षांपूर्वी दिघोरीच्या भूपेंद्र नावाच्या मुलाचा सूट त्याने शिवला होता. तो मुलगा दर ट्रायलला उतरत गेला. तेजराम दर वेळी मागचा आकडा मोठ्याने बोलत गेला आणि खांद्याला पॅड, छातीला बक्रमचं जाड, कडक अस्तर घालत गेला. मांडवात नवरदेव असा काही दिसला की त्या हंगामात दिघोरीतून आणखी तीन सूट आले. चार महिन्यांनी त्याची बायको रिता तोच कोट पिशवीत घालून आली. धाकट्या दिराला तो बारीक करून हवा होता. भूपेंद्र गेला होता. कोट टेबलावर ठेवून ती म्हणाली, "भाऊ, तुमी तं तीनदा माप घेतलं होतं. तुमाले नाई दिसलं?" तेजरामने काहीतरी पुटपुटून पावती फाडली. तेव्हा तेरा वर्षांच्या खुशबूने, त्याच्या मुलीने, त्या बाईला पाण्याचा गिलास नेऊन दिला होता.

तीच खुशबू आता सत्तावीस वर्षांची झाली होती. दुकानाची वही तीच लिहायची, पँटी तीच कापायची आणि शिवायची. कोटाला मात्र बाप कोणाला हात लावू देत नसे. तिची दोन स्थळं जुळता जुळता फिसकटली होती, म्हणून जानेवारीत आंबागडच्या कैलाशशी साक्षगंध झालं तेव्हा तिची आई रुखमा देवासमोर बसून रडली. कैलाश तुमसरला एका राईस मिलमध्ये मशीनवर होता. बोलायला गोड होता, आणि मुख्य म्हणजे खुशबूला मनापासून आवडला होता. फोन आला की ती मशीन थांबवून मागच्या अंगणात जायची.

जावयाचा सूट सासऱ्याने शिवायचा, हे कोणी ठरवायची गरजच नव्हती. साक्षगंधाच्या दुसऱ्याच दिवशी तेजरामने माप घेतलं. छाती अडतीस, कंबर चौतीस. खुशबूने लाजत लाजत लिहून घेतलं. मार्चमध्ये राखाडी कापड आलं. जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, हा आणखी एक कायदा, म्हणून कैलाशला पुन्हा बोलावलं. टेप कमरेभोवती फिरली आणि साडेबत्तीसवर येऊन थांबली. कैलाशच्या शर्टाची पाठ ओली होती, आणि ती घामाची म्हणावी तर बाहेर अजून तेवढं ऊन नव्हतं.

"चौतीस," तेजराम मोठ्याने म्हणाला. जीभ आपोआप वळली. चाळीस वर्षांची सवय ती. खुशबूने लिहिलं.

एप्रिलमध्ये कच्ची ट्रायल झाली. खुशबू चहा करायला मागे गेली होती. छातीला टेप लावताना तेजरामच्या बोटांना शर्टातून ताप लागला. कंबर एकतीस भरली. कैलाश दोन वेळा खोकला आणि रुमाल झटकन खिशात घातला. मग त्याने टेप धरलेलं सासऱ्याचं मनगट पकडलं. हात चुलीतल्या लाकडासारखा गरम होता.

"मामाजी, मिलमंदी कोंड्याची धूळ लय राह्यते. बाकी काई नाई."

"डॉक्टरले दाखवलं?"

"लग्न होऊ द्या. मंग दाखवतो. आता दाखवलं अन् काई निघालं, तं दोन्ही घरी बोंब होईल."

खुशबू कप घेऊन आत आली. तिने वही उघडली आणि बापाकडे पाहिलं. खरं बोलायची वेळ हीच होती, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं.

"जसंच्या तसं हाय," तो म्हणाला. "चौतीस लिही."

त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. बोलावं तर मुलीचं हे तिसरं स्थळही मोडतं, आणि तेही बापाच्या तोंडाने. न बोलावं तर रिता डोळ्यांसमोर येते, पिशवीतून कोट काढताना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला बजावून पाहिलं. खोकला काय, कोणालाही होतो. गोळ्यांनी बरा होतो. पण मुलाने गोळ्या सुरूच केल्या नव्हत्या, आणि आपली मुलगी त्याच्या शेजारी झोपणार होती. हे सगळं ठाऊक असून त्याने काय केलं, तर कोट शिवला. आजवरच्या हयातीतला सर्वांत चांगला कोट. खांद्याला दुहेरी पॅड घातलं, छाती भरून काढली, पाठ अशी बसवली की आतल्या फासळ्यांचा कोणाला संशयही येऊ नये. काम करताना हात थरथरत नव्हते, याचीच त्याला भीती वाटली. टेबलावरचा खडूचा एकतीस त्याने नेहमीसारखा पुसला.

पँटही स्वतःच कापायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बटणं आणि अस्तर आणायला तो एक दिवस भंडाऱ्याला गेला, आणि परत येतो तर पँट तयार. खुशबूने वही समोर ठेवून कापली होती, शिवली होती, इस्त्री करून हँगरला लावली होती. "यांची पँट मीच शिवनार होती," ती म्हणाली. तेजरामने हँगरकडे पाहिलं. चौतीस इंच कंबर. आता ती उसवून बारीक करायची तर कारण सांगावं लागणार. "उद्या पाहू," म्हणून तो हातपाय धुवायला गेला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच कैलाश आणि त्याची आई देवकाबाई दारात उभे. पवनीला पत्रिका द्यायला निघाले होते, म्हणून वाटेत थांबले. देवकाबाईला मुलाला सूटमध्ये बघायची घाई झालेली.

आधी कोट चढला. देवकाबाईने तोंडावर पदर धरला. "माह्या पोराले नजर लागन," ती म्हणाली. खरंच, आरशात उभा होता तो भरल्या अंगाचा, रुंद छातीचा नवरदेव होता. बाही अर्धा बोट शर्ट दाखवत होती. तेजरामने पुढे होऊन खालचं बटण उघडलं आणि मागे सरकला. कैलाशची आणि त्याची नजर आरशात भेटली, आणि दोघांनीही ती खाली वळवली.

मग कैलाश पडद्याआड जाऊन पँट घालून आला. तो एका हाताने कंबर धरून उभा होता. हात सोडला तर पँट खाली येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. देवकाबाई हसली. "पोरीनं नवऱ्यासाठी शिवली, तं जरा सैलच ठेवली," ती म्हणाली.

खुशबू हसली नाही. ती पुढे आली आणि पँटच्या कमरेत हात घालून बघितला. तिची मूठ आत मावली आणि तरी जागा उरली. तिने वही उघडली. जानेवारी, चौतीस. मार्च, चौतीस. एप्रिल, चौतीस. सगळे आकडे तिच्याच अक्षरातले.

"बाबा," ती म्हणाली, "कोट बरोबर बसला. मंग पँट काहून नाई बसली? वही तं एकच हाय."

कैलाशला खोकला आला आणि या वेळी तो लवकर थांबला नाही. देवकाबाईचं हसू हळूहळू ओसरलं.

खुशबूने बापाच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. इतक्या वर्षांत तिने ती कधी त्याच्या गळ्यातून काढली नव्हती. तिने कैलाशचा कोट उतरवला, खुर्चीवर टाकला, आणि नुसत्या शर्टावर टेप फिरवली. कोट निघताच माणूस अर्धा झाला होता. त्याच्या आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"कंबर तीस," खुशबू खणखणीत आवाजात म्हणाली. "छाती पस्तीस. लिहा, बाबा."

तेजरामने पेन उचललं. चौतीसच्या तीन ओळींखाली त्याने तीस लिहिलं. आकडा वाकडा आला.

"तुमी दोघं पवनीले नोका जाऊ," खुशबू कैलाशच्या आईकडे बघत म्हणाली. "पत्रिका राहू द्या. अकराची बस हाय, आपन तिघंबी भंडाऱ्याच्या दवाखान्यात जाऊ. लग्नाचं मंग पाहू, होते का नाई ते." तिचा आवाज फुटला नाही, पण टेप गुंडाळताना ती तीनदा बोटांतून सुटली.

ती माणसं बाहेर निघाली. कैलाश पायरीवर भिंतीचा आधार घेऊन थांबला, मग उतरला. खुशबू दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तिने टेप बापासमोर ठेवली, गळ्यात घातली नाही.

"दिघोरीवाल्या रिताबाईच्या नवऱ्याचंबी माप असंच सांगतलं होतं ना तुमी?"

तेजराम वहीकडे बघत होता. पानावरची शाई अजून ओली होती.

"हो," तो म्हणाला.